बर्फ, डांबर आणि क्वार्क

वार्षिकासाठी लेखन देण्याची सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी कविता दिल्या, दोघींनी सहलीचे वर्णन दिले. मी क्वार्कवर लिहिणार असे म्हटल्यावर एकीने सहज विचारले, “ते काय असते? आणि आपला त्याच्याशी संबंध काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार देता आले. दुसऱ्याचे त्या दिवशी देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन्ही प्रश्नांना उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रथमच सांगते की, मी मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दहावीला विज्ञानात गुण चांगले होते. परंतु आमच्या गावाहून पायी जाता येईल अशा कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा तेवढी होती. शास्त्र शाखा तालुक्याच्या गावी. रोजचे एस. टी. चे भाडे आणि शिकवणीची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. माझे वडील डांबरी रस्त्याच्या कामावर रोजंदारीने जातात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पण शाखा ठरली म्हणून माणसाला प्रश्न पडायचे थांबत नाहीत, एवढेच सांगायचे आहे.

अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. एप्रिल २०२३ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की, आमच्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. औंढा म्हटले की आम्हांला महाशिवरात्रीची यात्रा आठवते. तिथे आकाशातल्या लहरी टिपणार म्हणजे काय करणार, या कुतूहलाने मी मिळेल ते वाचू लागले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील आणि इटलीतील अशाच वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या लहरी टिपल्या होत्या. अशा ताऱ्याच्या पोटात द्रव्य इतके दाबले गेलेले असते की, तिथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनसुद्धा विरघळून जात असतील, असे एका ठिकाणी वाचले आणि मी त्या एका शब्दापाशी अडखळले. विरघळून जातात म्हणजे काय? साखर पाण्यात विरघळते. प्रोटॉन कशात विरघळणार?

बी. एस्सी. ला असलेल्या एका मैत्रिणीच्या वह्या, ग्रंथालयातील पुस्तके आणि मोकळे तास यांच्या आधारे गेली दोन वर्षे मी या प्रश्नामागे आहे. गणित मला येत नाही. म्हणून जे गणितावाचून सांगता येते तेवढेच येथे मांडते.

द्रव्याच्या पोटात

प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते, अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात, हे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. आमच्या पुस्तकात गोष्ट तिथेच संपत असे. परंतु १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचविले की, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हेही आणखी लहान कणांचे बनलेले असावेत. गेल-मान यांनी त्या कणांना ‘क्वार्क’ हे नाव दिले. पुढे १९६८ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे प्रोटॉनवर अतिशय वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करण्यात आला, तेव्हा ते आतल्या कठीण ठिपक्यांवर आपटून उडावेत तसे उडाले. प्रोटॉनच्या आत काहीतरी आहे हे त्यावरून कळून आले.

प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ असे तीन क्वार्क असतात. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन. त्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या बलाला तीव्र बल म्हणतात आणि त्या बलाची ने-आण करणाऱ्या कणांना ग्लुऑन. या बलाची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. गुरुत्वाकर्षण किंवा चुंबकाची ओढ अंतर वाढले की कमी होते. इथे तसे होत नाही. दोन क्वार्क एकमेकांपासून दूर ओढू लागलो तर त्यांच्यामधली ओढ ताणलेल्या रबरासारखी कायम राहते. आणखी ताणले तर रबर तुटते खरे, पण ओढण्यात खर्च झालेल्या ऊर्जेतून तुटलेल्या टोकांपाशी एक नवा क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क जन्माला येतो आणि पुन्हा जोड्या जुळतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी एकटा उत्तर ध्रुव हाती लागत नाही, तसाच हा प्रकार. एकटा, सुटा क्वार्क आजवर कोणीही पाहिलेला नाही.

आता आणखी एक गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाची बेरीज केली तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या शंभरात जेमतेम एक भाग भरते. बाकीचे सारे वजन त्या बंधनाचे, म्हणजे आत कोंडलेल्या ऊर्जेचे आहे. माझे वजन ४५ किलो धरले तर त्यात क्वार्कांचे स्वतःचे वजन अर्ध्या किलोच्या आतच आहे. उरलेली मी म्हणजे निव्वळ बांधलेपण!

यात्रेतील गर्दी

क्वार्क कधीच सुटे होऊ शकत नाहीत का? १९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी गणिताने दाखविले की, क्वार्क एकमेकांच्या फार जवळ असतील तर त्यांच्यातील हे बल क्षीण होत जाते. दूर गेले की घट्ट ओढ आणि जवळ आले की मोकळीक, असा हा उलटा न्याय आहे. या शोधाबद्दल तिघांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो, आणि तो १९७५ साली कॉलिन्स व पेरी यांनी आणि इटलीतील काबिब्बो व पारिसी यांनी मांडला. द्रव्य पुरेसे दाबले किंवा पुरेसे तापविले तर प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या भिंती नाहीशा होऊन क्वार्क आणि ग्लुऑन यांचा एकच समुदाय तयार झाला पाहिजे. एडवर्ड शुर्याक या शास्त्रज्ञाने त्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा असे नाव दिले, तेच पुढे रूढ झाले.

मला हे औंढ्याच्या यात्रेवरून समजले. सकाळी गर्दी विरळ असते तेव्हा एकेक कुटुंब हात धरून चालताना ओळखू येते. दुपारी दर्शनाच्या रांगेपाशी खांद्याला खांदा लागतो. तेव्हा कोण कोणाच्या घरचे, हा प्रश्नच उरत नाही. माणसे तीच असतात, पण कुटुंबे दिसेनाशी होतात. ‘विरघळणे’ ते हेच. प्रोटॉन कशात विरघळतो या माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, तो आपल्याच घटकांच्या गर्दीत विरघळतो.

वितळण्याच्या दोन तऱ्हा

येथे या विषयातील खरा प्रश्न सुरू होतो. प्रोटॉनांचा प्लाझ्मा होतो, हे कबूल. पण तो कसा होतो? एकदम, की हळूहळू?

बर्फाचे उदाहरण घेऊ. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती सर्व शोषली जाईपर्यंत तापमान शून्यावरून हलत नाही. ही अप्रकट उष्णता आपण नववी-दहावीत शिकलो आहोत. तोपर्यंत भांड्यात बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यामध्ये स्पष्ट सीमा असते. येथपर्यंत बर्फ, येथून पुढे पाणी. अशा बदलाला पहिल्या प्रकारचे अवस्थांतर म्हणतात.

दुसरे उदाहरण मला घरीच सापडले. एकदा वडिलांना मी विचारले, “बाबा, डांबर नेमकं कधी वितळतं?” ते हसले. म्हणाले, “त्याची काय घंटा वाजती का, पोरी? थंडीत सकाळी पिंपातलं डांबर पहारीनं फोडावं लागतं. दुपारी तेच बोटानं दबतं. टाकीखाली जाळ लावला की मधासारखं होतं, मग पाण्यासारखं. आता घट्ट होतं आणि आता पातळ झालं, असं सांगायला जागाच नाही.” पहारीने फुटणारे आणि झारीतून ओतता येणारे डांबर या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यामध्ये रेघ नाही. शास्त्रज्ञ अशा रेघ नसलेल्या बदलाला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात.

गंमत अशी की, एकाच पदार्थात दोन्ही तऱ्हा असू शकतात. पाणी आणि वाफ यांच्यात नेहमीच्या दाबाला स्पष्ट सीमा असते. पाणी १०० अंशांवर उकळते. दाब वाढवीत गेलो तर उकळण्याचे तापमानही वाढत जाते आणि सुमारे ३७४ अंश तापमान व वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाब या ठिकाणी ती सीमारेषा चक्क संपते. त्यापलीकडे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. जिथे रेघ संपते त्या ठिकाणाला क्रांतिक बिंदू म्हणतात. १८६९ साली थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइड वायूसाठी हा बिंदू सुमारे ३१ अंशांवर असल्याचे दाखविले. क्रांतिक बिंदूपाशी पारदर्शक पदार्थ दुधासारखा गढूळ दिसू लागतो. द्रव व्हावे की वायू, असे जणू त्याचे ठरत नसते. कुठे दाट तर कुठे विरळ अशी चलबिचल त्यात लहानमोठ्या सर्व आकारांत चालू असते आणि प्रकाश तिच्यामुळे विखुरतो. वाचकांनी ही चलबिचल ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

तर प्रश्न असा : क्वार्क बर्फासारखे सुटे होतात की डांबरासारखे?

भांडे मोठे करून पाहा

हा प्रश्न कागदावर सुटत नव्हता, कारण तीव्र बलाची समीकरणे भल्याभल्यांना सुटत नाहीत. १९७४ साली केनेथ विल्सन यांनी एक युक्ती काढली. अवकाश आणि काळ सलग न धरता त्यांची मच्छरदाणीसारखी जाळी कल्पायची. गाठींवर क्वार्क आणि धाग्यांवर ग्लुऑन ठेवायचे आणि मग संगणकाला हिशेब करायला लावायचे. या जाळीवरील गणितानेच पुढे आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले.

त्यातील परीक्षा समजण्यास सोपी आहे. संगणकातील जाळी ही एका लहान भांड्यासारखी असते, आणि लहान भांड्यात बर्फाचा स्पष्ट बदलसुद्धा थोडा पुसट दिसतो. म्हणून भांडे मोठे करीत जायचे. बदल बर्फासारखा असेल तर भांडे मोठे होईल तसे आलेखातील टोक अधिकाधिक उंच आणि अणकुचीदार होत जाईल. बदल डांबरासारखा असेल तर भांडे कितीही मोठे करा, टोक आहे तसेच राहील. फोडोर, काट्झ, आओकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब करून २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. टोक वाढले नाही. उत्तर मिळाले : डांबर!

नंतरच्या हिशेबांनुसार हा बदल साधारण १ लाख ८० हजार कोटी अंश तापमानाच्या आसपास होतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश आहे. म्हणजे त्याच्या एक लाख पटींहून अधिक! या ठिकाणीही एक नेमका आकडा सांगून भागत नाही, कारण डांबराप्रमाणेच इथेही बदल थोड्या पट्ट्यात पसरलेला आहे.

असे का व्हावे? तर अप आणि डाउन क्वार्कांचे वजन फार थोडे असले तरी ते अगदी शून्य नाही, म्हणून. ते शून्य असते तर रेखीव अवस्थांतर झाले असते, असे १९८४ साली पिसार्स्की आणि विल्चेक यांनी केलेल्या विवेचनावरून मानले जाते. एवढ्याशा वजनाने रेघ पुसली गेली.

याचा आपल्याशी संबंध असा की, विश्वाच्या जन्मानंतर एका सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागापर्यंत सगळे विश्वच हा प्लाझ्मा होते. ते थंड होताना त्यातून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन झाले. तुमच्या-माझ्या शरीरातील, फळ्याच्या खडूतील, रस्त्याच्या खडीतील प्रोटॉन त्या वेळचे आहेत. तो बदल बर्फासारखा झाला असता तर पाणी गोठताना जशी आधी बेटे तयार होतात तशी नव्या अवस्थेची बेटे उठली असती, आणि त्यांच्या खुणा विश्वात मागे राहिल्या असत्या. एडवर्ड विटेन यांनी १९८४ साली असेही सुचविले होते की, त्या धामधुमीत काही क्वार्कद्रव्य गोळ्यांच्या रूपाने शिल्लक राहिले असेल. पण बदल डांबरासारखा झाला असल्यामुळे ती वाट बंद झाली. आपल्या द्रव्याचा जन्म गाजावाजा न होता झाला. कोणत्या क्षणी प्रोटॉन जन्मले, असे बोट ठेवून सांगताच येत नाही.

टकरींची यंत्रे

हे सर्व हिशेबात झाले. प्रत्यक्षात पाहायचे तर जड अणूंची केंद्रके प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन एकमेकांवर आदळावी लागतात. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेने फेब्रुवारी २००० मध्ये जाहीर केले की, तेथील प्रयोगांत द्रव्याच्या या नव्या अवस्थेची चिन्हे दिसली आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रुकहेवन येथे ‘रिक’ नावाचे यंत्र सुरू झाले. जवळजवळ चार किलोमीटर घेराच्या त्या वर्तुळात पुढे पंचवीस वर्षे सोन्याची आणि इतर अणूंची केंद्रके आदळविण्यात आली. सर्नच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या यंत्रात २०१० च्या नोव्हेंबरपासून शिशाच्या केंद्रकांचीही टक्कर होऊ लागली. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रासह अनेक भारतीय संस्थांचा या प्रयोगांत सहभाग राहिला आहे.

टकरीतून निर्माण होणारा अग्निगोल एका सेकंदाच्या कितव्या भागात विझतो हे सांगायचे तर एकावर तेवीस शून्ये मांडून भागावे लागेल. उरतात ते बाहेर उडालेले हजारो कण. यात्रा उठून गेल्यावर मैदानातल्या पावलांवरून गर्दी कशी होती ते ओळखावे, तसे शास्त्रज्ञ त्या कणांवरून मागचा अंदाज बांधतात.

आणि येथे सर्वांना एक धक्का बसला. एवढ्या उष्णतेत क्वार्क वायूसारखे स्वैर उधळतील, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. २००५ साली रिकवरील चारही प्रयोगांच्या गटांनी जाहीर केले की, हा प्लाझ्मा वायूसारखा नसून द्रवासारखा वाहतो. दोन केंद्रके समोरासमोर न आदळता थोडी बाजूने आदळली तर त्यांचा एकमेकांत शिरलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. वायू असता तर कण सर्व दिशांना जवळपास सारखे उडाले असते. पण बदामाच्या अरुंद बाजूकडे दाबाचा उतार अधिक तीव्र असतो, आणि एकजुटीने वाहणारा द्रव त्याच बाजूने जास्त जोराने बाहेर पडतो. प्रयोगात कण तसेच निघाले. या द्रवाचा चिकटपणा इतका थोडा आहे की, त्याला जवळजवळ परिपूर्ण द्रव म्हणतात. बंधने सुटली, तरी क्वार्क एकमेकांची सोबत सोडीत नाहीत!

रेघ कोठे सुरू होते?

आतापर्यंत जे सांगितले ते उष्ण पण विरळ बाजूचे. म्हणजे जिथे क्वार्क आणि प्रतिक्वार्क जवळपास सारख्या संख्येने असतात. सुरुवातीचे विश्व तसेच होते. पण द्रव्यात क्वार्कांची दाटी वाढवीत गेलो तर? पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते की, दाट बाजूला बदल बर्फासारखा होत असावा. तसे असेल तर पाणी-वाफेप्रमाणे इथेही रेघ आहे, आणि ती जिथे संपते तो क्रांतिक बिंदूही कुठेतरी आहे. तो आहे की नाही, असल्यास कोठे, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

जाळीवरील गणित इथे पांगळे होते. संगणक असंख्य शक्यतांमधून नमुने निवडतो आणि प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेइतका भार देतो. दाटी आली की हे भार संभाव्यतेसारखे राहतच नाहीत. काही धन तर काही ऋण असे होऊन ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काही लागत नाही. यातून वाट काढणाऱ्यांत मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता हे दोघे होते. जिथे दाटी शून्य आहे तिथले हिशेब अत्यंत बारकाईने करायचे आणि तिथल्या चढावरून पुढच्या डोंगराचा अंदाज घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. २००५ साली त्यांनी क्रांतिक बिंदू कोठे असावा याचा अंदाज प्रसिद्ध केला. हे काम आपल्या मुंबईत झाले, हे मला वह्यांतून कळले तेव्हा विशेष आनंद झाला.

प्रयोगाची बाजूही मोठी मनोरंजक आहे. दाटी वाढवायची तर केंद्रके अधिक जोराने नव्हे, तर कमी जोराने आदळावी लागतात. फार वेगात ती एकमेकांच्या आरपार निघून जातात. वेग कमी असला की त्यांचे प्रोटॉन-न्यूट्रॉन मध्येच अडकतात आणि गर्दी होते. म्हणून रिकवर २०१० पासून २०२१ पर्यंत दोन टप्प्यांत टकरींची ऊर्जा पायरी-पायरीने उतरवून पाहण्यात आली. प्रत्येक टकरीत किती प्रोटॉन निघाले ते मोजायचे, त्यांतून प्रतिप्रोटॉन वजा करायचे आणि हा आकडा टकरी-टकरीगणिक किती हेलकावे खातो ते पाहायचे. आठवडी बाजाराची गर्दी दर आठवड्याला थोडी कमी-जास्त असतेच. पण एके ठिकाणी ती कधी ओस तर कधी तुडुंब अशी होऊ लागली, तर तिथे काहीतरी विशेष घडते आहे असे आपण म्हणू. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली ती चलबिचल हीच. दुधाळ गढूळपणा डोळ्यांनी पाहता येत नाही, तेव्हा तो अशा मोजणीतून शोधायचा.

दुसऱ्या टप्प्याच्या मोजणीत काही ऊर्जांवर हेलकावे अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले आहेत. परंतु बिंदू सापडला असे म्हणण्याइतका तो पुरावा नाही. जर्मनीत डार्मश्टाट येथील ‘फेअर’ हा प्रकल्प याहून अधिक दाटीचा प्रदेश तपासण्यासाठी आखलेला आहे, आणि भारत त्याचा भागीदार आहे.

दाटीची खरी परिसीमा मात्र आकाशातच आहे. न्यूट्रॉन ताऱ्याचे चमचाभर द्रव्य शंभर कोटी टनांच्या घरात भरेल. असे दोन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या पोटात प्रोटॉन-न्यूट्रॉनांची खरोखरच बर्फासारखी वितळण झाली, तर त्या टकरीच्या गुरुत्वीय लहरींचा सूर शेवटी बदलला पाहिजे. औंढ्याजवळची वेधशाळा अशाच लहरींसाठी आहे. ज्या शब्दापाशी मी अडखळले होते, त्याचे उत्तर कदाचित आमच्याच माळावर टिपले जाईल.

समारोप

हा लेख लिहून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना थोडक्यात सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “मग ती रेघ कुठं सुरू होती, ते कळलं का त्यांना?” मी म्हटले, “अजून नाही, बाबा. शोधताहेत.” ते म्हणाले, “एवढी मोठी माणसं ‘ठाऊक नाही’ म्हणत्यात? चांगलंय की!” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि डांबराचं तू लिवलंस?” मी हो म्हटले. ते काही बोलले नाहीत. पण आई म्हणते की, दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी टोळीतल्या सगळ्यांना सांगितले.

मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता देते. संबंध असा की, आपले नव्याण्णव टक्के वजन त्या बंधनातून आलेले आहे आणि ते बंधन कसे जुळले याचीच ही कथा आहे. आणखी एक सांगायचे आहे. कला शाखा संपून शास्त्र शाखा जिथे सुरू होते, तिथे बर्फ आणि पाणी यांच्यासारखी पक्की रेघ आहे असे मला अकरावीत प्रवेश घेताना वाटले होते. फीच्या पावतीवर ती रेघ आहेच, आणि ती किती कठीण असते हे ज्यांना ओलांडता आली नाही त्यांना विचारावे. पण समजून घेण्याच्या बाबतीत मात्र मला ती कोठे सापडली नाही. थंडीत पहारीशिवाय न फुटणारे डांबरही ऊब मिळत गेली की सैल होते. मला ही ऊब एका मैत्रिणीच्या वह्यांतून, ग्रंथालयातून आणि बाबांच्या एका उत्तरातून मिळाली. ती इतरांनाही मिळावी म्हणून हा लेख. चुका असतील त्या माझ्या. जाणकारांनी त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.